नाशिकमध्ये गल्लीतल्या पाण्याचं काम कोण करतं आणि पैसे कोणाला मिळतात?

रानजाई

नाशिकला पाणी नाही असं कोणी म्हणणार नाही. गंगापूर धरण आहे, मुकणे आहे, नाशिकरोडच्या बाजूला दारणेचं चेहेडीहून येतं. धरण किती टक्के भरलं हे पावसाळाभर पेपरात रोज छापून येतं. धरणापासून जलकुंभापर्यंतची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मला बोलायचंय त्यापुढच्या तुकड्याबद्दल, म्हणजे गल्लीच्या व्हॉल्व्हपासून घरातल्या पिंपापर्यंत. हा तुकडा माणसं चालवतात, आणि त्यातलं बरंचसं काम बायका करतात.

मी बचत गटांचे हिशेब बघते, त्यामुळे पंचवटीतल्या आणि सिडकोतल्या बऱ्याच घरांत जाणं होतं. पाण्याची वेळ झाली की बैठक मोडते. पाण्यासाठी थांबणं, पहिलं गढूळ पाणी सोडून देणं, प्यायचं आणि वापरायचं वेगळं भरणं, गाळणं, टिपाड घासणं, वरच्या मजल्यावर बादल्या चढवणं हे सगळं बाईकडे. दोन दिवस पाणी आलं नाही तर व्हॉल्व्हमनला फोन करणं, टँकरसाठी दारोदार वर्गणी गोळा करणं, कोणी किती दिले ते वहीत लिहिणं, हेही बाईकडेच. या कामाला कोणी काम म्हणत नाही, म्हणून त्याचे पैसेही नाहीत.

आता पाण्याची पैसे मिळणारी कामं बघा. व्हॉल्व्ह फिरवणारा, टँकरचा ड्रायव्हर, जार पोचवणारा, प्लंबर, बोअरची मोटर बसवणारा, मीटर वाचणारा. यात तुम्हाला बाई दिसली आहे का? मला एखाददुसरीच दिसली.

२०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्या बिनपगारी कामाचा हिशेब आहे. हे काम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं, पुरुषांचे ८८. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा २०२३ चा अहवाल म्हणतो की ज्या घरांच्या आवारात पाणी नाही, त्यांतल्या दहापैकी सात घरांत पाणी आणायचं काम बायका-मुलींकडे असतं. दोन्ही आकडे मोलाचे आहेत. पण आपल्या शहरातली बाई या दुसऱ्या आकड्यात बसतच नाही. तिच्या घरात नळ आहे ना! नळाला धार कधी येईल याची वाट बघत ती घरात अडकून पडते, ते 'पाणी आणणं' म्हणून कुठे मोजलं जात नाही.

तुमच्या गल्लीत कसं आहे ते लिहा. कुठे हे बदललेलं असेल तर तेही लिहा.

पेठरोडकर

आमच्याकडे पाण्याची वेळ बदलली की आईची झोपेची वेळ बदलते. आम्ही तिघं भाऊ, तिघंही मोठे, आणि तरी गजर तिच्याच उशाशी लागायचा. एवढंच लिहितो. बाकी तुम्ही म्हणता ते पूर्ण खरं आहे.

मधुमालती

रानजाईताई, एक वर्ग तुमच्या यादीत राहिला. घरकाम करणाऱ्या मावशी. गंगापूर रोडला सकाळी पाणी येतं तेव्हा त्या दुसऱ्याच्या घरचं पाणी भरत असतात, टाकीचा कॉक सोडत असतात, फिल्टरच्या बाटल्या भरून ठेवत असतात. त्याच वेळेला त्यांच्या वस्तीत पाणी येऊन जातं. मग घरी कोण भरतं? मुलगी. शाळेची पहिली तासिका बुडते ती तिथे.

आमच्या मावशी कामाची वेळ मागेपुढे करून मागतात तेव्हा कारण नेहमी पाण्याचं असतं. मालकिणीला वाटतं बाई टाळाटाळ करतेय. एका बाईच्या घरात पाणी वेळेवर भरलं जावं म्हणून दुसरीच्या घरात ते भरायचं राहतं, आणि या दोघींच्या मध्ये कुठेच पुरुष येत नाही. याचा मला फार त्रास होतो.

इंदिरानगरी

थोडा वेगळा अनुभव. आमची सोसायटी आहे, खाली टाकी, वर टाकी, मोटर वॉचमन लावतो. टँकर सेक्रेटरी मागवतो. यात बायकांवर वेगळा बोजा पडतो असं मला वाटत नाही. हा प्रश्न वस्त्यांचा आहे, सरसकट नाशिकचा म्हणू नये.

सुगरण

@इंदिरानगरी, दादा, मीही सोसायटीतच राहते. मोटर वॉचमन लावतो हे बरोबर. पण वरची टाकी रिकामी झाली हे पहिलं कोणाला कळतं? दुपारी भांडी घासताना जिच्या नळाची धार बारीक होते तिला. ती वॉचमनला सांगते, सेक्रेटरीला ऑफिसात फोन करते, टँकर आल्यावर गेट उघडून पाइप नीट सोडला का ते बघते, टँकर पूर्ण भरलेला होता का तेही बघते. संध्याकाळी सेक्रेटरी ग्रुपवर लिहितात, 'टँकर मागवला आहे'. आमच्या कमिटीत एकही बाई नाही. विचारलं तर म्हणतात, मीटिंग रात्री असते, तुम्हाला जमणार नाही.

इंदिरानगरी

हे मी लक्षात घेतलं नव्हतं. आमच्याकडे गेट कोण उघडतं ते घरी विचारलं. तुम्ही म्हणता तसंच आहे.

सातपूरकर

माझा जारचा छोटा धंदा आहे, म्हणून आतली बाजू सांगतो. गाळ्यात बोअर आहे. पाणी आधी वाळूच्या फिल्टरमधून, मग कार्बनमधून, मग आरओच्या मेम्ब्रेनमधून जातं, शेवटी यूव्ही आणि चिलर. गाळ्यातलं काम मिसेस आणि दोन ताई बघतात. आलेले जार आतून घासणं, धुणं, भरणं, झाकण लावणं, कोणाचे किती जार बाहेर आहेत ते लिहिणं. छोटा हत्ती घेऊन वाटपाला मी आणि एक मुलगा जातो.

कर्ज मिसेसच्या नावावर आहे, कारण बचत गटातून मिळायला सोपं गेलं. हे मी लपवत नाही. पण तुम्ही विचारता की वाटपाला बायका का नाहीत, तर सरळ उत्तर आहे. २० लिटरचा जार म्हणजे २० किलो वजन, आणि तो तिसऱ्या मजल्यावर न्यायचा. हे काम बाईचं नाही, एवढंच. कोणी अडवलेलं नाही.

रानजाई

@सातपूरकर, मोकळेपणाने लिहिलंत म्हणून आधी आभार. पण वजनाचं कारण मला पटत नाही. भरलेला हंडा डोक्यावर आणि कळशी कमरेवर घेतली की वीस किलोच्या वर वजन होतं, आणि ते घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढणाऱ्या बायका तुमच्या गाळ्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. मान आणि पाठ कायमची धरते त्यांची. पैसे नसताना ते वजन बाईला झेपतं आणि जारला पैसे मिळायला लागले की झेपत नाही, हे कसं?

वजन उचलणं कोणाच्याच अंगाला चांगलं नाही, तुमच्या मुलाच्याही नाही. १० लिटरचे जार करता येतात, ढकलगाडी ठेवता येते, इमारतीच्या खाली ठेवून घरच्यांनी न्यायचे असं ठरवता येतं. पण वाटपाला जो जातो त्याच्याच हातात रोजची रोकड येते, गिऱ्हाईक त्यालाच ओळखतं, भाव तोच ठरवतो. जार घासणाऱ्या ताईंना दोघींना गिऱ्हाइकांपैकी कोणी ओळखत असेल का? आणि हप्ता चुकला तर बँक फोन कोणाला करते?

सातपूरकर

फोन मिसेसला येतो. खरं आहे. हिशेबाची वही तिच्याकडे असते पण पैसे माझ्याकडे, हेही खरं आहे. वाटपाचं मी अजूनही मानत नाही. गावभर अनोळखी घरांत चढायचं असतं, कोण कसं बोलेल सांगता येत नाही. तरी खालून न्यायचा विचार चांगला आहे. आमच्या गल्लीपुरता करून बघता येईल, तिथले पैसे ती घेईल.

चेहेडीकर

मी पाणीपुरवठ्याच्या कामातून निवृत्त झालो. व्हॉल्व्हचं काम अनेकांना माहीत नसतं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे चोवीस तास पाणी नाही. जलकुंभ भरला की एकेका भागाचा व्हॉल्व्ह ठरलेल्या वेळी उघडायचा, ठरलेले आटे, म्हणजे चावीचे फेरे, द्यायचे, वेळ झाली की बंद करून पुढच्या भागाचा उघडायचा. पंपिंगला वीज गेली की जलकुंभ भरत नाही, आणि त्या दिवशी सगळ्यांची वेळ सरकते. दुरुस्तीसाठी दिवसभर बंद ठेवलं की दुसऱ्या दिवशी पाणी कमी दाबाने येतं, कारण रिकाम्या लाइनी आधी भराव्या लागतात. लाइनच्या सुरुवातीला राहणाऱ्याला भरपूर मिळतं, टोकाच्या घरी धार बारीक. त्यात काही लोक नळाला थेट टिल्लू मोटर, म्हणजे पाणी ओढणारा छोटा पंप, लावतात. त्याने शेजाऱ्याचं पाणी तर जातंच, पण लाइनमध्ये ओढ तयार होऊन गळक्या सांध्यातून गटाराचं पाणी आत येतं. गल्लीत एकदम जुलाब सुरू होतात त्यामागे बऱ्याचदा हे असतं.

आता मूळ प्रश्न. या कामात बायका का नाहीत? रात्रीची पाळी, रस्त्यावरचे चेंबर, कंत्राटी माणसं, ही कारणं मी नोकरीत नेहमी ऐकली. आटे फिरवायला ताकद लागते, पण चावी लांब दांड्याची असते आणि व्हॉल्व्हला वेळच्या वेळी ग्रीस असेल तर ती जड जात नाही. जड जाते ती देखभाल नसलेल्या व्हॉल्व्हवर, आणि तिथे पुरुषालाही दोघं लागतात. तेव्हा ताकद हे कारण मी मानत नाही.

खरी गोष्ट अशी की व्हॉल्व्हमनच्या हातात अधिकार असतो. पाच मिनिटं जास्त कोणाला द्यायची हे तो ठरवतो. त्याला फोन करून सांगणारे पुढारी, दुकानदार, मंडळाचे अध्यक्ष सगळे पुरुष. बायका चेंबरपाशी येऊन थांबतात, नाहीतर हंडे घेऊन कार्यालयात येतात. मी त्यांच्याशी वर्षानुवर्षं बोललो आहे. लाइन कुठे गळते, कोणत्या घरी मोटर लावतात, कोणत्या टोकाला पाणी पोचत नाही, हे नकाशापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं. ते आमच्या रजिस्टरला कधी लागलं नाही.

पेठरोडकर

यात मार्च २०२२ नंतरचा काळ धरा. महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले, आणि पुढे लांबलचक काळ नगरसेवकच नव्हते. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा महिलांच्या आहेत. आमच्या भागात नगरसेविका होत्या तेव्हा बायका सरळ त्यांच्या दारी जायच्या, त्यांचे यजमान पुढे पुढे करायचे तरी जायच्या. ते दार बंद झाल्यावर राहिला एकटा व्हॉल्व्हमन.

कळवणची_लेक

कुठे बदललंय असं विचारलंत म्हणून लिहिते.

उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात नव्वदच्या दशकात महिला समाख्या या सरकारी शिक्षण कार्यक्रमातून गावच्या बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. पंप उघडून पाइप वर ओढून वॉशर बदलायला लागल्या, मग सुट्या भागांची नावं वाचता यावीत म्हणून लिहायला शिकल्या. तिथेही सुरुवातीला लोकांना हे बाईचं काम वाटत नव्हतं. सातपूरकरांनी लिहिलेलं वाचून मला तेच आठवलं, राग मानू नये.

शहरातलं उदाहरण ओडिशाचं. २०२१ मध्ये पुरीला नळातून थेट पिता येईल असं पाणी चोवीस तास द्यायला सुरुवात झाली. तिथे बचत गटांतल्या बायकांना 'जलसाथी' म्हणून नेमलं. मीटर वाचणं, बिल देणं, वसुली, घरोघरी पाण्याची तपासणी, नवीन जोडणीची कागदपत्रं, ही कामं त्यांच्याकडे. वसुलीवर त्यांना टक्का मिळतो. केंद्राच्या अमृत २.० या शहरी पाणीपुरवठ्याच्या योजनेतही आता 'अमृत मित्र' नावाने बचत गटांना अशी कामं देण्याची तरतूद आहे. म्हणजे नाशिकमध्ये मागायला आधार आहे.

सुगरण

जलसाथीबद्दल एक शंका. वसुलीवर टक्का म्हणजे पगार नव्हे. आणि पुरीत आधी पाणी चोवीस तास झालं, मग बाई बिल घेऊन दारात गेली. आपल्याकडे पाणी ठरलेल्या वेळेपुरतं, दाब नाही, आणि बिल मागायला शेजारची वहिनी येणार. भांडण कोणाशी होईल? खात्याशी नाही, तिच्याशी. गल्लीत तिचं जगणं कठीण होईल. आशाताईंचं बघा ना, कामं वाढत गेली, मानधन मात्र मागावं लागतं. पाण्यातही तेच करायचं असेल तर मला नको.

कळवणची_लेक

शंका रास्त आहे. वसुलीपासून सुरुवात करू नये हे मलाही मान्य. तपासणी, गळती नोंदवणं आणि मीटर वाचणं यांपासून करावी, आणि मोबदला वसुलीवर न ठेवता महिन्याला ठरलेला असावा. पण काम मागूच नये असं म्हणाल तर ते काम बायका फुकट करतच राहणार आहेत.

दादरची_आजी

मी मूळची मुंबईची, आता मुलीकडे नाशिकला. मृणाल गोरेंना मी पाहिलं आहे. गोरेगावात पाण्यासाठी त्यांनी बायकांना घेऊन जी आंदोलनं केली, त्यामुळे लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणायचे. १९७७ ला त्या लोकसभेवर निवडून आल्या आणि इंदिराबाई हरल्या, तेव्हा 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही घोषणा मुंबईत पोरांच्या तोंडी होती.

त्या मोर्च्यांतल्या बायका पाणी मागायला आल्या आणि त्यांनी ते मिळवलं. पण नळ आल्यावर घरी पाणी कोणी भरायचं हा प्रश्न तेव्हा आम्ही कोणी विचारला नाही. आमच्या डोक्यातच आला नाही. तुम्ही मुली आज तो विचारताय, मला बरं वाटलं.

मधुमालती

आजी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

नळजोडणीच्या नावाबद्दलही बोलायला हवं. अर्जाला घराचे कागद लागतात आणि घर नवऱ्याच्या, सासऱ्याच्या किंवा घरमालकाच्या नावावर. माझ्या ओळखीच्या एका विधवा ताईला दिराने नळ तोडायची धमकी दिली होती, कारण जोडणी सासऱ्यांच्या नावावर. भाड्याने राहणारीला तर विचारतच नाहीत. पाणी ती भरते, घरपट्टी-पाणीपट्टीच्या रांगेत बऱ्याचदा तीच उभी असते, आणि तक्रार द्यायला गेली की विचारतात, 'नळ कोणाच्या नावावर आहे?'

आपल्या जिल्ह्यातली गोष्ट आहे, १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. लाखोंनी बायका आल्या होत्या. पुढे संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन केली. जमिनीचं करता येतं तर नळाच्या जोडणीवर बाईचं नाव घालणं काय अवघड आहे? निदान दोघांचं तरी घाला.

चेहेडीकर

जोडणीवर दुसरं नाव घालायची मागणी विभागीय कार्यालयात लेखी द्या. सहा विभाग आहेत, नाशिक पूर्व, पश्चिम, पंचवटी, सातपूर, नाशिकरोड आणि नवीन नाशिक. ज्याच्या त्याच्या विभागात द्यावी, पोच घ्यावी.

रानजाई

सगळ्यांचे आभार. यातून आमच्या गटांपुरतं एक काम ठरवलंय. पंचवटीतल्या एका वस्तीत ताईंनी पाण्याची वही ठेवायची. पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं, धार कशी होती, रंग-वास, आणि क्लोरीन आहे की नाही. टोकाच्या घरी आणि सुरुवातीच्या घरी, दोन्हीकडे. दोन महिन्यांनी ती वही आणि अमृत मित्रची मागणी एकत्र घेऊन कार्यालयात जायचं. वही ठेवणाऱ्या ताईंना गटाच्या व्याजातून महिन्याला ठरावीक रक्कम द्यायचं गटाने मान्य केलं आहे. एकीने विचारलं, 'घरचंच तर बघायचं, त्याचे पैसे कशाला?' तर बाकीच्या सगळ्या तिच्यावर तुटून पडल्या.

चेहेडीकर काका, क्लोरीन घरी कसा तपासायचा? एका ताईंकडे पेनासारखं टीडीएस मीटर आहे, त्यावर भागेल का?

चेहेडीकर

नाही भागणार. टीडीएस मीटर फक्त विरघळलेले क्षार दाखवतं. भारतीय मानकात ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत चांगलं, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. जंतू आहेत की नाहीत हे त्यावरून कळत नाही. टीडीएस कमी असलेलं पाणीसुद्धा दूषित असू शकतं. जारच्या पाण्यालाही हे लागू आहे, सातपूरकरांनी लक्षात घ्यावं.

क्लोरीनसाठी ओटी टेस्टचा छोटा संच मिळतो, फार महाग नसतो. नळ दोन मिनिटं वाहू द्या आणि थेट नळाचं पाणी नळीत खुणेपर्यंत घ्या. पिंपातलं घेऊ नका, साठवलेल्या पाण्यातला क्लोरीन उडून जातो. औषधाचे थेंब टाका, हलवा आणि लगेच पट्टीवरच्या रंगाशी ताडून बघा. पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन आहे. टोकाच्या घरीसुद्धा निदान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर दिसायला हवा. औषध हाताला लागू देऊ नका, मुलांच्या हाती देऊ नका आणि तपासलेलं पाणी मोरीत ओतून नळी धुवा. वहीत तारीख, वेळ, घर आणि तपासणारीची सही हवीच. सहीशिवाय नोंद असेल तर कार्यालयात ती बाजूला ठेवतात.

रंग अजिबात आला नाही तर दोन महिने थांबू नका, त्याच दिवशी कळवा आणि तोवर गल्लीत सगळ्यांना पाणी उकळून प्यायला सांगा. पहिल्या आठवड्यात मी स्वतः येऊन ताईंना दाखवीन.

सातपूरकर

काका, वस्तीत याल तेव्हा आमच्या गाळ्यावरही या. मिसेस आणि दोन्ही ताईंना शिकायचंय, मिसेसनेच लिहायला सांगितलंय.